ठेवते मग

आमच्या खोऱ्यात कोणाचं बोलणं आधी पोचावं आणि कोणाचं मागून, हे ठरवायचं काम माझ्याकडे आहे. ऐकायला फार मोठं वाटतं. प्रत्यक्षात मी मोरघळच्या रुग्णालयात तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीशेजारी, एसीच्या गारठ्यात भर वैशाखात स्वेटर घालून बसते आणि लोखंडी कपाटातल्या एका स्विचची देखभाल करते. स्विच म्हटलं की लोकांना दिव्याचं बटण आठवतं. माझ्या आईलाही शेवटपर्यंत तेच वाटायचं, आणि दिवे लावायला-विझवायला सरकार एवढा पगार कसा देतं याचं तिला नवल वाटायचं.

खरं तर हा स्विच म्हणजे आमच्या खोऱ्याचा चौक. डोंगरावरच्या वाड्यांना कुठल्याच मोबाइल कंपनीने विचारलं नाही, म्हणून आरोग्य खात्याने घरोघर भिंतीवर एकेक फोन बसवला. ते सगळे फोन डोंगरावरच्या टॉवरवरून रेडिओने आमच्याकडे येतात. शहराकडचा कारभार मात्र घाटातल्या केबलने चालतो. मोठे डॉक्टर, तपासण्यांचे निकाल, साहेबांच्या व्हीसी म्हणजे व्हिडिओवरच्या बैठका, सगळं तिकडून. बोलणं असो की चित्र, त्याची बारीक बारीक पॅकेटं होतात आणि चौकातून एकामागून एक सुटतात. केबल धड असेल तर भांडणाचं कारणच नाही. पण घाटात रस्ता रुंद करायचं काम मी नोकरीला लागले तेव्हापासून चालू आहे, आणि मी रिटायर झाले तरी ते चालूच असेल. दर थोड्या दिवसांनी एखादा जेसीबीवाला केबल उपटतो. मग शहराकडचं सगळंसुद्धा त्याच टॉवरवरून वळसा घेऊन जातं, आणि टॉवरची लिंक बिचारी वाड्यांवरच्या फोनांपुरतीच बांधलेली. अशा वेळी रांगा लावाव्या लागतात.

पहिली रांग ऑपरेशनची. शहरातले सर्जन तिथे बसून हात हलवतात आणि आमच्या थिएटरमधले यंत्राचे हात इथे चालतात. डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहून जास्त उशीर झाला, तर ते हात आपोआप थांबतात, भलतं काही कापलं जाऊ नये म्हणून. त्यामागे अतिदक्षता विभागातले आकडे, त्यामागे डॉक्टरांची आपापसातली बोलणी. साहेबांच्या व्हीसीही याच तिसऱ्या रांगेत, कारण तसा लेखी आदेश आहे. चौथ्या रांगेत वाड्यांवरचे फोन आणि शेवटी उरलंसुरलं. पूर्वी हे सोपं होतं. कुठली वायर कुठल्या भोकात आहे ते बघून मी रांग ठरवून टाकायचे, आणि कोणी काही म्हणायचं नाही.

मग तारतम्य आलं. हे त्या यंत्राचं नाव, मी ठेवलेलं नाही. स्विचच्या आत बसणारी बोटाच्या पेराएवढी चिप. ती वायर बघत नाही, बोलणं ऐकते. फोन लागल्यावरची पहिली एक-दोन वाक्यं, आवाज, श्वास, मध्येच घेतलेला आवंढा यावरून हा फोन किती तातडीचा ते ओळखते आणि चौथ्या रांगेत कोणाला पुढे घ्यायचं, कोणाला मागे, ते ठरवते. कुठलंही बोलणं साठवत नाही. ऐकते, निकाल लावते आणि विसरते. शिकते ती मागच्या अनुभवावरून. अमुक तऱ्हेने सुरू झालेल्या फोनांपायी गाडी पाठवावी लागली असेल, तर तशा फोनांना पुढची जागा मिळते. काहीच करावं लागलं नसेल, तर ते मागे पडतात.

खोटं कशाला बोलू, यंत्राने जीव वाचवलेत. कातळवाडीच्या एका बाईने शांतपणे सांगितलं होतं की दादल्याला काहीतरी चावलंय, सवडीने बघा. तिच्या शब्दांत घाई नव्हती, पण श्वासात होती. तारतम्याने तिला सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवलं आणि तो माणूस आज म्हशी राखतोय. हे माझ्याने झालं नसतं.

पण माणसं काही कमी नाहीत. काही दिवसांतच खोऱ्याला कळलं की ‘छातीत कळ येतेय’ म्हटलं की लाइन खणखणीत लागते. मग ज्याला त्याला कळ यायला लागली. लाइन लागली की हळूच विचारायचे, बीपीच्या गोळ्या जेवणाआधी की नंतर. यंत्र हे शिकलं आणि कळवाल्यांना मागे टाकायला लागलं. लोक पुन्हा नवीन काहीतरी शिकले. या कुस्तीत वर्षभरात खोऱ्याचं बोलणंच बदलून गेलं. काय चाललंय, पोरं कशी आहेत, गाय व्याली का, हे सगळं फोनवरून गेलं, आणि फोनवरून गेलं तसं हळूहळू पारावरूनही गेलं. तरणीताठी माणसं समोरासमोर भेटली तरी आधी कामाचं बोलायला लागली. म्हाताऱ्यांना ते जमेना. म्हातारी माणसं आपली ‘सहज केला फोन’ असं म्हणून सुरुवात करायची आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहायची.

याच्यात माझीही एक कारागिरी होती. या वर्षी केबल जोडलेली कमी आणि तुटलेली जास्त. टॉवरवरची जागा वाचवायचे उपाय सुचवा म्हणून वरून सारखी पत्रं यायची. मी मोजून बघितलं, तर फोन संपल्यावरही लाइन बराच वेळ अडकून राहते. लोक ‘ठेवतो’, ‘ठेवते मग’ म्हणतात आणि रिसीव्हर जागेवर जायला वेळ लागतो. म्हणून मी तारतम्याला नियम घालून दिला. लिंक अरुंद असताना ‘ठेवते’ ऐकू आलं, की लाइन सोडून द्यायची. पलीकडच्या फोनला तसं कळवायचं तर तेवढीही जागा जाते, म्हणून कळवायचंही नाही. केवढी जागा मोकळी झाली! तारतम्य बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी पाठ थोपटली आणि तोच नियम इतर ठिकाणीही नेला. मला बरं वाटलं. इतकी वर्षं या कपाटासमोर बसून कोणी माझी पाठ थोपटली नव्हती.

आता आत्याबाईंचं सांगते. हौसाबाई जगदाळे, राहणार सावरघर. माझ्या सासूबाई, म्हणजे होत्या. धैर्यशीलशी माझं पटलं नाही. भांडाभांडी नाही, मारहाण नाही, एकमेकांशी बोलायचा कंटाळा येत गेला आणि एक दिवस आम्ही कोर्टात सही करून मोकळे झालो. तो पुण्यात राहिला, मी मोरघळला आले. कोर्टाच्या निकालानंतर दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंचा फोन आला. तुझं त्याच्याशी फाटलं, माझ्याशी नव्हं, असं म्हणाल्या आणि मग अर्धा तास शेजारच्या कोंबड्यांविषयी बोलल्या.

त्यांचं हृदय जरा कमजोर आहे. दंडावर एक चकती चिकटवलेली असते, तिचे आकडे दुसऱ्या रांगेतून येतात आणि बहुतेक वेळा चांगले येतात. धैर्यशील रोज फोन करतो, रोज विचारतो, आणि त्या रोज ‘बरी हाय’ म्हणतात. मला मात्र त्या स्वतः करतात. सहज केला होता, म्हणतात. मग कोंबड्या, मग कोणाच्या सुनेचं काय, मग आमटी कशी लागली. मी इकडे काम करत हं हं करायचे. थकलेलं माणूस दुसरं काय करणार? शेवटी त्या म्हणायच्या, “ठेवते मग,” मी म्हणायचे, “बरं, आत्याबाई,” आणि फोन शांत व्हायचा. मी माझ्या कामाला लागायचे.

स्विचमध्ये एक आकडा असतो, टाकून दिलेल्या पॅकेटांचा. लाइन सुटल्यावरही पलीकडून काही येत राहिलं, तर स्विच ते घेत नाही, फेकून देतो आणि मोजतो. सावरघरच्या एका फोनचा हा आकडा फार वाढलेला मला दिसला. नंबर ओळखीचा. मला वाटलं, आत्याबाईंचा रिसीव्हर नीट बसत नसेल, नाहीतर आतलं बटण अडकत असेल. दुरुस्तीवाल्याला पाठवायचं तर तो पुढच्या महिन्यात उगवणार. गोळ्यांची गाडी मंगळवारी वाड्यांवरून फिरते, तिच्यात बसले आणि वर गेले.

आत्याबाई वाळल्या होत्या. रंगही उतरला होता. उन्हाचं जेवण जात नाही, म्हणाल्या. मी फोन उघडून बघितला, बटण दाबून बघितलं, फोनला काही धाड भरली नव्हती. त्यांनी चहा केला, पिठलं-भाकरी केली, नको म्हणत असताना वाढली. सगळ्या वाडीची खबर सांगितली. त्यांच्या बोलण्यात काळजीचं काहीच नव्हतं. गाडीवाल्याने खालून हॉर्न दिला. मी येते म्हटलं, पाया पडले, पायात चप्पल सरकवली.

“तेचं काय केलंस मग?” आत्याबाई म्हणाल्या.

मी विचारलं, कशाचं?

“म्या सांगितलं हुतं, तेचं. फोनवर.”

मला काही सांगितल्याचं आठवेना. मी तसं म्हटलं. त्यांनी माझ्याकडे न बघता दाराची कडी उगाच खालीवर केली.

“एकदा न्हवं, चारदा सांगितलं. तू गपच ऱ्हायलीस. मला वाटलं, बरोबर हाय, आता तिनं का म्हणून आमचं निस्तरावं. मग म्या बी सोडून दिलं.” मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, “अंगावरनं जातंय गं माज्या. माघापास्नं. लाल.”

गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी तशीच चप्पल घालून आत आले आणि जमिनीवर बसले. पाळी जाऊन ज्या बाईला जमाना झाला तिच्या अंगावरून लाल जाणं म्हणजे काय असू शकतं, हे रुग्णालयात झाडू मारणाऱ्यालाही माहीत असतं. हे ती मुलाला कशी सांगणार? पुरुष डॉक्टरला कशी सांगणार? मला सांगायचं, तर तेही कोंबड्यांच्या आणि आमटीच्या मागून, ठेवते मग म्हणून झाल्यावर. आपल्याकडे पहिलं ‘ठेवते मग’ म्हणजे फोन ठेवणं कधीच नसतं. पाहुणा निघताना दारात उभा राहतो, तसं ते. खरं बोलणं तिथे होतं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. माझी आई, माझ्या मावश्या, मी स्वतः, आम्ही सगळ्या अशाच बोलतो. पण कपाटासमोर बसून नियम लिहिताना मी मराठी बाई नव्हते, नेटवर्कवाली होते.

आत्याबाई भिंतीशी उभ्या राहून सुटलेल्या लाइनमध्ये बोलल्या होत्या. चार वेळा. त्यांचे शब्द माझ्या स्विचपर्यंत आले, स्विचने ते मोजले आणि फेकून दिले. आणि पलीकडच्या शांततेचा त्यांनी अर्थ लावला की कालिंदीला, म्हणजे मला, आता हे नको आहे. मला रडू आलं, रागही आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. मी त्यांना एवढंच म्हटलं की मला ऐकू आलं नव्हतं. त्यांचा विश्वास बसला की नाही, ते चेहऱ्यावरून समजलं नाही. मी त्यांना त्याच गाडीत घालून खाली आणलं.

आमच्या डॉक्टर रेहाना मुलाणी. घाटावरचीच मुलगी, शहरात शिकून परत आली, ती याच खोऱ्यात म्हातारी होणार असं आम्ही तिला चिडवतो. तिने तपासलं, तुकडा काढून पाठवला, निकाल आला. गर्भपिशवीचा कर्करोग. अजून पिशवीच्या आतच आहे, म्हणाली, पण बाहेर पडायला टेकलाय. माघात कळलं असतं तर मी निवांत असते, असं ती म्हणाली, आता थांबायला नको. हृदय असं असताना मोठा छेद देऊन ऑपरेशन सोसणार नाही आणि घाटातला प्रवास त्याहून नाही. म्हणजे इथेच, यंत्राच्या हातांनी, बारीक छिद्रांतून.

धैर्यशीलला मी फोन केला. तो चिडला. मला रोज बरी आहे म्हणते, तुला कसं सांगितलं, असं त्याने विचारलं. मलाही नाहीच सांगितलं, असं उत्तर मी दिलं. त्याला ते टोमण्यासारखं लागलं असणार, पण समजावत बसायचं त्राण नव्हतं.

त्याच आठवड्यात मी ‘ठेवते’चा नियम काढून टाकायची परवानगी मागितली. अधीक्षकांनी बैठक लावली, कंपनीचे लोक पडद्यावर आले. त्यांच्याकडे आकडे होते. ‘ठेवते’नंतरच्या बोलण्यात कामाचं काही निघतं असे फोन अगदी थोडे. मी विचारलं, आपण ते बोलणं फेकून देतो, मग त्यात काय होतं हे तुम्हाला कसं कळलं? त्यांनी सांगितलं, शहरातल्या एका कस्टमर केअरच्या नमुन्यांवरून. तिथे लोक सिमकार्डाच्या तक्रारी करतात. सिमकार्डाची तक्रार कोणी दारात उभं राहून, कडीशी चाळा करत सांगत नाही, हे मी बोलले नाही. बोलून पडद्यावर कोणाला कळणार होतं?

अधीक्षक म्हणाले, बघू. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही. मी खाली आले आणि नियम काढला. लिंक अरुंद झाली तरी चौथ्या रांगेचा वाटा कोणी घेऊ शकणार नाही, असंही लिहिलं, कारण पुढच्या रांगा भुकेल्या असतात आणि मागच्या रांगेला उपाशी मारतात. एवढी जागा कुठून तरी काढायलाच हवी होती. साहेबांची व्हीसी मी तिसऱ्या रांगेतून उचलली आणि शेवटच्या रांगेत नेऊन टाकली. पुढच्याच आढाव्यात केबल तुटलेली होती. साहेब तोंड उघडलेल्या अवस्थेत पडद्यावर बराच वेळ तसेच राहिले. मला खुलासा करण्याविषयी पत्र आलं. ते अजून टेबलावर आहे.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. केबल शाबूत होती. मी आदल्या दिवशी घाटातल्या मुकादमाला फोन करून हातापाया पडले होते की उद्या तेवढं खोदू नका. धैर्यशील रात्रीच पुण्याहून आला होता, थिएटरबाहेरच्या बाकावर बसला होता. आत्याबाईंना आत नेताना त्या त्याला बरी हाय म्हणाल्या आणि माझा हात दाबला.

मी खाली येऊन स्विचसमोर बसले. सगळं सुरळीत चाललं होतं. पहिल्या रांगेतून पॅकेटं जात होती, येत होती, शहरातले हात आणि इथले हात एकच असल्यासारखे चालले असतील. मध्यान्हाच्या सुमाराला पडद्यावर लाल रेघ आली. केबल गेली. मुकादमाने शब्द पाळला होता, हे मला नंतर कळलं. खोदलं ते पाण्याच्या पाइपवाल्यांनी.

सगळा लोंढा टॉवरवर वळला. शेवटची रांग मी ताबडतोब बंद केली. तिसरीही केली. दुसऱ्या रांगेला हात लावता येत नव्हता, तिथे अतिदक्षतेतले जीव होते. तेवढ्यात थिएटरमधून इंटरकॉमवर रेहानाचा आवाज आला.

“हात थांबतायत, कालिंदी. दोनदा थांबले. रक्तवाहिनी बांधायची राहिलीय आणि मी पोट उघडून आत गेले तर या वाचायच्या नाहीत. जागा दे.”

जागा होती. चौथ्या रांगेला मी राखून दिली होती, तेवढीच होती. उन्हाळी लागण्याचे दिवस, वाड्यांवरून फोनमागून फोन येत होते. चौथी रांग सरसकट बंद केली असती, तर एखादा साप चावलेलाही गेला असता. मग उरला एकच उपाय, आणि तो मला पाठ होता. रांगेचा राखीव वाटा काढायचा आणि जुना नियम पुन्हा लावायचा. म्हणजे तातडीचे फोन लागत राहतील, सुरुवातीचं बोलणं होईल, आणि जो ठेवते म्हणेल त्याची लाइन तिथल्या तिथे सुटेल.

मी फार विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. बोटांनी नियम लिहिला आणि लावला. वर यंत्राचे हात चालायला लागले. रेहाना काही बोलली नाही, म्हणजे ठीक असणार.

मग माझ्यासमोर आकडा वाढायला लागला. टाकून दिलेल्या पॅकेटांचा. सावरघर, कातळवाडी, खालचं शिवार, वरचं शिवार. पूर्वी मी हा आकडा रोज बघायचे आणि मला त्यात फक्त वाचलेली जागा दिसायची. आता त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे कोणीतरी भिंतीशी उभं राहून काहीतरी सांगत होतं, आणि ते मी ऐकू देत नव्हते. कोण, काय, मला कळायचा मार्ग नव्हता. आत्याबाईंसाठी मी इतक्या जणांची आत्याबाई करून ठेवली होती. उठून चहाला जावंसं वाटत होतं. मी उठले नाही. निदान बघायला तरी हवं, असं वाटलं.

रेहाना खाली आली तेव्हा तिच्या डोक्यावर अजून ती हिरवी टोपी होती. पिशवी निघाली, म्हणाली, अख्खी निघाली. हृदयाने साथ दिली. पुढचं पुढे, पण आज तरी म्हातारी जिंकली. वर धैर्यशील बाकावर बसून ओंजळीत तोंड घालून रडत असल्याचं तिने सांगितलं. तू जा ना वर, म्हणाली. मी म्हटलं, येते, थोडं काम आहे.

नियम काढला. चौथ्या रांगेचा वाटा परत दिला. केबल अजून तुटलेलीच होती. तारतम्य बोलणं ठेवत नाही, पण कोणाची लाइन सुटली त्याचे नंबर ठेवतं. ते पडद्यावर काढले आणि वरून सुरुवात करून एकेकाला उलटा फोन लावायला लागले. मघाशी तुमचं काही सांगायचं राहिलं होतं का, एवढंच विचारायचं.

बहुतेकांचं काहीच नव्हतं. खालच्या शिवारातल्या एकाने मलाच विचारलं, तुमचं यंत्र बिघडलं का. एक आजी हसायला लागल्या, म्हणाल्या, राहिलं होतं, पण आता आठवत नाही. एकीने खूप वेळ घेतला आणि शेवटी सांगितलं की सुनेने सकाळपासून काही खाल्लेलं नाही आणि पोटात बाळ हलत नाहीसं वाटतं. तिच्यासाठी मी पळत जाऊन रेहानाला गाडी पाठवायला लावली. परत आले तेव्हा दम लागला होता, आणि नंबर अजून बरेच होते.

त्यानंतर धनगरवाड्यावरचा एक. बिरू कोकरे. त्यांच्या बायकोला दम्याची औषधं मंगळवारच्या गाडीने जायची, एवढी मला माहिती होती. फोन बराच वेळ वाजला, मग उचलला गेला. मी नाव सांगितलं, रुग्णालयातून बोलतेय म्हटलं, आणि विचारलं की मघाशी काही सांगायचं राहिलं होतं का.

“ऱ्हायलं न्हवतं,” ते म्हणाले. “सांगितलं की म्या.”

मी म्हटलं, बाबा, आमच्यापर्यंत पोचलं नाही.

मागे कोणाचं तरी बोलणं, बकऱ्यांचा आवाज ऐकू येत होता.

“मंगळवारची गाडी आमच्यापायी थांबवू नका, यवढंच सांगायचं हुतं. औषधं आता नगं. म्हातारी पहाटं गेली.”

असं काही ऐकल्यावर काय म्हणायचं असतं, ते या फोनांच्या धबडग्यात मी विसरून गेले असेन. तेही काही बोलले नाहीत. रिसीव्हर ठेवल्याचा आवाज मात्र आला नाही. श्वास ऐकू येत होता, तो जाड होता, मध्येच थांबत होता.

ज्या लाइनवर कोणी बोलत नाही, ती तारतम्याला रिकामी वाटते. पडद्यावर कोकरेबाबांचा नंबर चौथ्या रांगेत एकेक पायरी मागे सरकायला लागला. आणखी थोडं थांबले असते, तर त्याने तो सोडून दिला असता. ऑपरेशन संपल्यापासून पहिली रांग मोकळी होती. मी त्यांचा नंबर उचलून तिच्यात घातला आणि रिसीव्हर कानाला लावून बसून राहिले.